वाचकांचे प्रश्न : जानेवारीत स्पितीला, घर बरोबर घेऊन

दिवाळी अंकात आम्हा दोघांच्या हिमाचलातल्या हिवाळी किन्नौर-स्पिती प्रवासाबद्दल दोन पानं लिहिली होती. कॅरॅव्हॅन, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेऊन बर्फात जाऊन राहिलो, एवढंच त्यात होतं. त्यावर मुंबईभरातून पत्रं आली. बहुतेकांनी रस्त्याबद्दल विचारलंय. रात्रीबद्दल फार थोड्यांनी. म्हणून या वेळी रात्रीवर जास्त लिहिणार आहे. मी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका होते, आमचे हे बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये. माणसांबद्दलची उत्तरं माझी आहेत, गाडीबद्दलची यांना विचारून लिहिली आहेत.

प्रश्न : ताई, मिस्टर 61 वर्षांचे, मी 57. दोघांनाही बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत चांगली. भाड्याने कॅरॅव्हॅन घेऊन जानेवारीत मुंबईहून शिमला, किन्नौर आणि काझापर्यंत जायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, हे वेड सोडा. तुम्ही काय म्हणाल? – एक वाचक, मुलुंड

जरूर जा. फक्त काझाला पोचायचंच असा पण करून निघू नका.

हिवाळ्यात स्पितीतल्या काझाला जायला एकच रस्ता उरतो. मनालीकडचा रस्ता कुंझुम खिंडीतून जातो. ती साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि बर्फामुळे कित्येक महिने बंद असते. मग राहतो तो शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असा, आधी सतलजच्या आणि खाबच्या संगमानंतर स्पिती नदीच्या काठाने जाणारा रस्ता. शिमल्यापासून काझा चारशे किलोमीटरहून थोडं जास्त, म्हणजे जवळपास मुंबई-कोल्हापूर. कोल्हापूरला आपण पहाटे निघून जेवायला पोचतो. तिथे तेवढ्याच अंतराला आठवडा द्यायचा, कारण शरीराला चढायला तेवढा वेळ लागतो.

अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. वय, व्यायाम, रोजचं चालणं यातलं काहीही त्यापासून वाचवत नाही. नियम सोपा आहे : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको. दिवसा वर जाऊन या, झोपायला खाली या. किन्नौरचा रस्ता या बाबतीत फार समजूतदार आहे. शिमला सव्वादोन हजार मीटरच्या आसपास, रामपूर एकदम खाली हजारावर, मग कल्पा 2,960च्या जवळपास. कल्पाला दोन रात्री काढा. समोर किन्नर कैलास दिसतो, कंटाळा येणार नाही. पुढे नाको साडेतीन हजारांच्या वर आहे, तिथे झोपू नका. तळं बघा, चहा घ्या आणि ताबोला उतरा, ते 3,280च्या आसपास आहे. ताबोलाही दोन रात्री. इसवी सन 996मध्ये स्थापन झालेला तिथला मठ बाहेरून मातीच्या साध्या भिंतींचा दिसतो, पण आत शिरल्यावर घाईने बाहेर येववत नाही. त्यानंतर काझा.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. बीपीची गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. वर गेल्यावर झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी नको आणि ऊब येते म्हणून दारू तर मुळीच नको. दोन्हींमुळे रात्रीचा श्वास मंदावतो.

आता जे मला सगळ्यात पोटतिडकीने सांगायचंय ते. विरळ हवा, कडाका आणि हीटरचा विषारी वायू या तिन्ही गोष्टी आधी माणसाची समज बोथट करतात. ज्याला त्रास होतोय त्यालाच तो कळत नाही. म्हणून दोघांच्या प्रवासात तुम्ही मिस्टरांवर नजर ठेवायची आणि त्यांनी तुमच्यावर. तब्येतीचा निर्णय ज्याची तब्येत बिघडली आहे त्याने घ्यायचा नाही.

काझाला पोचलो त्या संध्याकाळी हे गाडीच्या बाहेर बॉनेटवर गोधडी बांधत होते. दोरीची गाठ मारायची, ओढून बघायची, सोडायची, पुन्हा तीच मारायची. आयुष्यभर नट-बोल्टांशी खेळलेली बोटं. मी काचेतून बघत होते. आत आल्यावर चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हणाले, "डोकं जड झालंय, थंडीमुळे असेल." मी त्यांना गाडीच्या जमिनीवरच्या पट्टीवरून टाचेला अंगठा लावत चालायला लावलं. चालले नीट. तोल जात असता तर मेंदूला सूज येत असल्याची शंका धरून त्याच मिनिटाला ऑक्सिजन आणि डॉक्टर बघावा लागला असता. तसं नव्हतं, तरी डोकेदुखी आणि अन्नावरची वासना गेलेली, एवढं मला पुरेसं होतं. रात्रभर शेजारी बसून दर थोड्या वेळाने त्यांना उठवून बोलतं केलं. सकाळी ऊन रस्त्यावर आलं तसं आम्ही ताबोला उतरलो. हे आधी चिडले, "एवढ्या लांब येऊन एका रात्रीत परत?" मी गाडीची किल्ली द्यायला तयार नव्हते, गावातल्या एका ड्रायव्हरला विनंती केली होती. ताबोत दुपारी यांनी स्वतःहून वरण-भात मागितला. दोन दिवसांनी पुन्हा वर गेलो, तेव्हा काहीही झालं नाही.

निघण्याआधी घरीच दोघांनी ठरवून घ्या : एकाने "खाली जाऊ या" म्हटलं की दुसऱ्याने वाद घालायचा नाही. तुमच्या मुलालाही हेच सांगा. त्याची काळजी खरी आहे आणि तिचं खरं उत्तर हेच आहे. गाडी कोणती, टायर कोणते, हे नंतरचं.

मुंबई ते शिमला या टप्प्याला कमी लेखू नका. जयपूरच्या पुढे हरियाणा-पंजाबात जानेवारीतलं धुकं असं असतं की पुढच्या ट्रकचे दिवे जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. सकाळी दहाच्या आधी आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. दिल्लीत शिरू नका. मानेसरहून कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्गाने बाहेरूनच अंबाल्याकडे निघा. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की बीएस-4, म्हणजे जुन्या प्रदूषण मानकाच्या, डिझेल गाड्यांना तिथे आणि मानेसर ज्यात येतं त्या गुरुग्राम जिल्ह्यातही बंदी घालतात, म्हणून गाडी तशी असेल तर आधी चौकशी करा. आणि हो, आपल्या लोकांना स्पितीसाठी परवाना लागत नाही, हेही बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

प्रश्न : आमच्या ह्यांना कॅरॅव्हॅनमध्येच झोपायचंय, "नाहीतर घर कशाला न्यायचं" म्हणतात. मला बंद गाडीत हीटर लावून झोपायची भीती वाटते. संडास-बाथरूमचं काय, हेही कुणी नीट सांगत नाही. – एक वाचक, विलेपार्ले पूर्व

तुमची भीती अगदी योग्य आहे, ती सोडू नका.

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कोळसा, लाकूड, गॅस, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर एवढंही कळत नाही. उंचीच्या त्रासाची लक्षणंही हीच, म्हणून पहाडात घोटाळा जास्त होतो. दोघांचंही डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर उंचीचा विचार नंतर करा. आधी दार उघडा, बाहेर या, हीटर बंद करा.

गाडीत कोळशाची शेगडी, सिगडी, स्वयंपाकाचा गॅस किंवा गॅसवरचा उघडा हीटर पेटवून झोपायचं नाही. याला अपवाद नाही. चालतो तो डिझेल हीटर, ज्याची जळायची हवा बाहेरून येते आणि धूर नळीने बाहेर जातो. आतली हवा वेगळ्या कप्प्यातून गरम होते. तोही कसा बसवलाय ते बघून घ्या. धुराची नळी गाडीखाली मध्येच संपलेली नको, बाजूला बाहेर निघालेली हवी. कल्पाला एका सकाळी आमच्या टपावरचा बर्फ घसरून नेमका त्या नळीसमोर ढीग झाला होता. रात्रीत असं झालं की धूर गाडीखाली साचतो आणि फटींमधून आत येतो. तेव्हापासून झोपण्याआधी फावड्याने ती बाजू मोकळी करणं हे यांचं काम, आणि केलंय का ते टॉर्च घेऊन बघणं माझं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन ठिकाणी लावा, एक उशाजवळ. मुंबईतच बटण दाबून त्याचा आवाज ऐकून ठेवा. आणि थंडी कितीही असो, टपावरची झडप बोटभर उघडी राहू द्या.

झडप उघडी ठेवायचं आणखी एक कारण आहे. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर काचांवर आणि पत्र्यावर गोठते, सकाळी हीटर वाढवला की तीच अंथरुणावर टपकते. गादीची खालची बाजू आधी भिजते आणि ते कळतही नाही. गादीखाली फळ्यांची जाळी हवी. रोज सकाळी गादी उभी करून ठेवा.

ह्यांना सांगा, की रोज गाडीत झोपायचा हट्ट नको. जानेवारीत काझाला रात्री पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो. कल्पापर्यंत, फार तर ताबोपर्यंत गाडीत झोपा, त्याच्या वर गावातल्या होमस्टेमध्ये. त्या घरांत मधल्या खोलीत धुराडं असलेली लोखंडी शेगडी असते, तिला तिथे तंदूर म्हणतात. सगळं घर तिच्याभोवती बसतं, वर चहाचं आधण सतत असतं. मला तर त्या खोल्यांमधल्या संध्याकाळी प्रवासातल्या सगळ्यात आवडत्या वाटल्या. घरातल्या बाईबरोबर मी लसूण सोलला, तिला तिळाच्या वड्या दिल्या, मोडक्यातोडक्या हिंदीत दोघी आपापल्या सुनांबद्दल बोललो. गाडी तेव्हा बाहेर, सामानाची खोली म्हणून.

आता संडास. उणे तापमानात गाडीच्या पाण्याच्या टाक्या आणि नळ गोठतात, पाइप फुटतात. शिमल्यापुढच्या नारकंड्याच्या आधीच सगळं पाणी काढून टाका आणि नळ उघडे ठेवा. वीस-वीस लिटरचे दोन जार आत, बिछान्याच्या बाजूला ठेवा. पेटीसारखा सुटा संडास असतो, त्यात अगदी कमी पाणी लागतं. तो गावाच्या ओढ्यात किंवा बर्फात रिकामा करायचा नाही, कारण वसंतात तेच पाणी खालची माणसं पितात. ताबो-काझाकडच्या घरांत कोरडे संडास असतात, खाली खड्डा आणि वर माती-राखेचा ढीग. विष्ठेचं खत होऊन शेतात जातं. वास येत नाही, फक्त वर माती टाकायची विसरायची नाही. पाण्याची आपली सवय मात्र कोमट पाण्याच्या बाटलीवर भागवावी लागते. अंघोळ विसरा. ओल्या टॉवेलने अंग पुसणं पुरतं, रुग्णालयात आम्ही हजारो माणसांना तसंच स्वच्छ ठेवलंय.

प्रश्न : डिझेल गोठतं म्हणतात ते खरं का? बॅटरी आणि गॅस सिलिंडर तिथे चालतात का? रात्री हँडब्रेक ओढून ठेवावा का? – एक वाचक, भांडुप

हे सांगतायत, मी लिहून घेतेय.

थंडीत आपलं खोबरेल थिजतं तसंच डिझेल थिजतं. त्यातलं मेण वेगळं होतं, फिल्टरमध्ये अडकतं आणि इंजिनाला डिझेल मिळत नाही. भारतीय मानकाप्रमाणे साधं हिवाळी डिझेलसुद्धा फक्त शून्याच्या आसपासपर्यंत वाहतं राहील एवढीच हमी असते, त्यामुळे मैदानात भरलेली टाकी काझाच्या रात्रीसाठी नाही. नोव्हेंबर 2019मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल आणलं. काझाच्या पंपावर गेलात की कोणतं डिझेल आहे ते विचारूनच भरा. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी भरल्याशिवाय पुढे सरकू नका. डिझेल थिजू नये म्हणून औषध मिळतं, ते थिजण्याआधी टाकायचं असतं. थिजल्यावर उपयोग नाही. पूर्वी ट्रकवाले रॉकेल मिसळायचे, आताच्या बीएस-6 इंजिनात ते मुळीच नको, इंजेक्टरची वाट लागते. सकाळी टाकीखाली जाळ करणारे दिसतील, त्यांचं बघून करू नका. ऊन येईपर्यंत थांबा. डीईएफची, म्हणजे इंजिनाच्या धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रावणाची, टाकी असलेली गाडी असेल तर ते द्रावण उणे 11 अंशांना गोठतं. गोठताना फुगतं, म्हणून ती टाकी काठोकाठ भरू नका. रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं हवं. मुंबईत पुष्कळदा नुसतं पाणीच ओतलेलं असतं, ते निघण्याआधी तपासून घ्या.

घराच्या भागाला लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नाही. वापरता येते, भरायची नाही, नाहीतर आतून कायमची खराब होते. बॅटरी आतल्या उबेत ठेवलेली गाडीच भाड्याने घ्या.

गॅसचं असं, की सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे 42पर्यंत होत राहतं. त्यामुळे थंडीत आधी प्रोपेन जळून जातं आणि सिलिंडर अर्धा भरलेला असूनही ज्योत बारीक होते. सिलिंडरवर गरम पाणी ओतू नका, त्याला जाळ तर दाखवूच नका. स्वयंपाक दुपारी करा. कुकर हवाच. काझाच्या उंचीवर पाणी 87-88 अंशांनाच उकळतं, पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक रात्रीत गोठून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगडांची उटी लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा.

चालवताना घाबरायचं ते पांढऱ्या बर्फाला नाही, डांबरावरच्या न दिसणाऱ्या पातळ थराला. तो सावलीतल्या वळणावर आणि रस्त्यावरून ओहोळ वाहतो तिथे असतो. नाकोजवळचा मलिंग नाला असाच. तिथे ब्रेक दाबायचा नाही, आधीच खालचा गिअर टाकून पाय सोडायचा. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चेन चढवतात; मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ती मागच्या चाकांना. चेन लावायचा सराव हातमोजे घालून मुंबईतच करा. दहाला निघायचं, तीनला थांबायचं. ऊन्ह चढलं की कड्यावरचे दगड सुटतात, म्हणून कड्याखाली मुक्काम नाही. आणि किन्नौरमध्ये कडा कोरून काढलेला रस्ता आहे, वर खडकाचं छप्पर येतं. गाडीची उंची, टपावरच्या एसीसकट, मोजून कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

प्रश्न : आमच्याकडे जुनी व्हॅन आहे. गोरेगावातल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तिची कॅरॅव्हॅन करून घेतली तर? – एक वाचक, गोरेगाव

तशी करून रस्त्यावर आणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीत नसलेला बदल परवानगीशिवाय करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही 2019मध्ये हेच सांगितलं. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. आरसीवर तशी नोंद नसेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करेल. आपल्या राज्याने 2021मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आहे, त्यामुळे नोंदणी असलेली वाहनं भाड्याने मिळतात. स्वतः चालवायला घेत असाल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर 2024च्या घटनापीठाच्या निकालाने पक्कं झालं आहे.

प्रश्न : आमचं नुकतंच लग्न झालंय. नाताळच्या सुट्टीत मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सूला कॅरॅव्हॅनने जाऊन बर्फात एक रात्र काढायची आहे. – एक वाचक, लालबाग

अभिनंदन! पण त्या आठवड्यात कॅरॅव्हॅन बोगद्यापलीकडे नेऊ नका. 3 ऑक्टोबर 2020ला बोगदा सुरू झाल्यापासून लाहौल हिवाळ्यातही गाठता येतं, नऊ किलोमीटरमध्ये पलीकडे. म्हणूनच नाताळ ते नवीन वर्ष सगळी दिल्ली-चंदीगड तिथे असते. बर्फ पडला की पोलीस फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) आणि चेन लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. बाकीच्या गाड्या रस्त्यात अडकतात, आणि रात्र बर्फात निघते ती अशी. शिवाय सिस्सू 3,100 मीटरच्या आसपास आहे. मुंबईहून विमानाने येऊन दुसऱ्याच रात्री तिथे झोपणं मला पटत नाही.

कॅरॅव्हॅन खाली पतलीकुहल किंवा नग्गरच्या बाजूला लावा, सफरचंदाच्या बागांमध्ये जागा मिळते. सिस्सूला दिवसा तिथल्या माणसाच्या फोर-बाय-फोर टॅक्सीने जाऊन या. बर्फ कधी पडणार ते भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांवर ठरतं आणि हवामान खातं ते काही दिवस आधी सांगतं. चंदीगडच्या संरक्षण संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारेही येतात, ते बघा. जानेवारीच्या उत्तरार्धात जायचं ठरलं तर आधी विचारून घ्या. हालडा आणि फागलीच्या सणांच्या काळात लाहौलमधली काही गावं पाहुण्यांना येऊ नका म्हणतात, आणि ते आपण ऐकायलाच हवं.

प्रश्न : सरावासाठी जवळपास कुठे जावं? – एक वाचक, चेंबूर

डिसेंबरअखेर महाबळेश्वर. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात अशी पहाट मिळाली तर उत्तमच. जाताना पसरणी घाट, उतरताना आंबेनळी, दोन्हीकडे ब्रेकवर कमी आणि गिअरवर जास्त. रात्री गाडीतच झोपा, हीटर लावून, अलार्म लावून. टाकी रिकामी करणं, गादी उभी करणं, चेन चढवणं, सगळं एकदा दोघांनी मिळून करा. एकाला येतं आणि दुसरा बघतो, असं नको. ज्याला येतं तोच वर आजारी पडू शकतो.

प्रश्न : मी मधुमेही आहे, इन्सुलिन घेते. मिस्टर गाडी चालवतील. एवढ्या थंडीत मला जमेल का? – एक वाचक, दादर

जमेल, डॉक्टरांनी हो म्हटलं तर. आपण मुंबईत इन्सुलिनला उन्हापासून जपतो, तिथे ते थंडीपासून जपायचं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळून स्वच्छ दिसलं तरी निकामी झालेलं असतं, ते फेकून द्यायचं. गाडीच्या कप्प्यात किंवा दाराच्या खिशात ठेवू नका. दिवसा आतल्या कपड्याच्या खिशात, रात्री पांघरुणात, पण हीटरच्या झोताला नाही. ग्लुकोमीटरही गारठला की चुकीचा आकडा दाखवतो किंवा चालतच नाही, तो आणि पट्ट्या अंगाशी ठेवा. बोटं गार असतील तर रक्त येत नाही, आधी कोमट कपाला धरून बसा.

थंडीने येणारी कापरं आणि साखर उतरल्यावरचं थरथरणं सारखंच वाटतं. शंका आली की मोजा, मोजता आलं नाही तर गूळ किंवा साखर खा. मिस्टरांनाही बोट टोचून साखर मोजायला शिकवा आणि किती आकड्याला काय करायचं ते त्यांच्याच हाताने लिहून घ्या. रामपूरजवळ खनेरीला आणि रेकाँग पिओला मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, काझालाही रुग्णालय आहे, पण तुमच्याच प्रकारचं इन्सुलिन तिथे मिळेल असं धरून चालू नका. लागेल त्याच्या दुप्पट न्या. निम्मी पेनं तुमच्या अंगावर, निम्मी मिस्टरांच्या.